वारीच्या वाटेवर इरावतीबाई

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे हे गाव आहे. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी तेथे ज्ञानेश्वरी सांगितली. त्यानंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी त्याच ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर एक विदुषी पायी पंढरपुरास निघाल्या. माणसांचा अभ्यास करणे हेच त्यांचे जीवितकार्य होते. त्यांचे नाव इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षणासाठी त्या लहानपणीच पुण्यास हुजूरपागेत आल्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून झाल्या आणि मानवशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. कवट्यांच्या मापांवरून युरोपीय वंश श्रेष्ठ ठरेल, अशी तेथील प्राध्यापकांची समजूत होती. बाईंना मापांत तसे काही आढळले नाही, आणि तसे त्यांनी निर्भयपणे लिहिले. परक्या देशात गुरूंचा रोष पत्करणे हे काही सोपे नव्हे, मुलांनो! १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन करीत होत्या.

कवट्या मोजताना अलिप्त राहता येते. वारीत मात्र बाईंना तसे राहता येईना. ज्या भूमीचे लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली आणि मन आनंदून गेले. परंतु त्याच वाटेवर दुःखही होते. दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालत, एकत्र अभंग गात. जेवणाची वेळ झाली की पंगती वेगळ्या! सारेच स्नान करून जेवतात, मग हा दुरावा कशासाठी? एक व्हायचे ते केवळ परलोकी काय? हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीना. त्या मराठा बायकांच्या पंगतीस जाऊन जेवल्या. मग त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, आपल्या संसाराच्या गोष्टी सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. वहीपेन्सिल घेऊन दारोदार हिंडणाऱ्या संशोधकास हे कोणी सांगितले असते काय?

पुण्यास तुमच्या घरी येऊ, असे काही जणी म्हणाल्या. त्यावर एका तरुण मुलीने विचारले, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? तो साधा प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला. हजारो वर्षे शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगले. शास्त्रीय ग्रंथांतून संशोधकाचे स्वतःचे दुःख सहसा गाळले जाते. बाईंनी ते गाळले नाही. त्या मुलीच्या प्रश्नासह 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले. १९६२ साली तो लेख इंग्रजीत भाषांतरित होऊन विद्वानांच्या एका नियतकालिकात छापला गेला. १९७० साली पुण्यात इरावतीबाईंचे निधन झाले.