रे हॅरूनचा थरथरता आरसा

मोटारीत समोरच्या काचेवर लटकणाऱ्या आरशात आपण पन्नासदा डोकावतो, पण तो तिथे आला कसा, हे कुणी विचारत नाही. जग त्याचं श्रेय देतं अमेरिकेच्या रे हॅरूनला.

हॅरूनचा जन्म १२ जानेवारी १८७९ चा, पेनसिल्व्हेनियातला. मार्मन या मोटार कंपनीत तो इंजिनिअर होता आणि शर्यतीतही उतरायचा. १९१० चा हंगाम गाजवून त्याने शर्यतींना रामराम ठोकला. पण पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसच्या विटांच्या ट्रॅकवर ५०० मैलांची, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरची, शर्यत ठरली आणि स्वारी पुन्हा मैदानात आली.

त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी मेकॅनिक बसे. मागून कोण येतंय, हे सांगणं त्याचंच काम. हॅरूनची पिवळी ‘वास्प’ मात्र एकट्यापुरती, निमुळती. मागे बघणारं कुणी नसलेली ही गाडी एखाद्याचा जीव घेईल, अशी प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली. माझ्या मते तक्रार रास्तच होती. हॅरूनने मग चार दांड्यांवर एक लांबट आरसा बसवला. पूर्वी शिकागोत एका घोडागाडीवर त्याने तसा पाहिला होता. (इंग्लंडच्या डोरोथी लेविटने १९०९ मध्येच बायकांना गाडीत हातआरसा ठेवायला सांगितलं होतं, पण तिची आठवण कोण ठेवतो?)

३० मे १९११ रोजी चाळीस गाड्या सुटल्या. दुसऱ्या एका गाडीतला मेकॅनिक सॅम डिक्सन अपघातात दगावला. मधल्या काही फेऱ्या सायरस पॅच्केने सांभाळल्या, आणि ६ तास ४२ मिनिटांत, ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या सरासरीने, हॅरून पहिला आला.

गंमत पुढेच आहे. विटांवर गाडी इतकी हादरत होती की आरशात काहीच धड दिसलं नाही, हे पुढे त्यानेच सांगून टाकलं!

आमच्या सास्तूरच्या उन्हात मला हे पटतं. मे महिन्यात जीप तापली, की काचेला चिकटवलेली आरशाची चकती सुटून हातात येते. नवा आरसा आणणं सोपं. खरं काम चिकटवण्याचं. मी आधी काचेवर बाहेरून खूण करतो, जुना गोंद ब्लेडने खरवडतो, काच स्पिरिटने पुसतो आणि आरशासाठी मिळणारा खास गोंद लावून चकती दाबून धरतो. आरसा अडकवायचा तो दुसऱ्या दिवशी. घाई केली, तर लोहाऱ्याच्या वाटेवर मागचा ट्रक हॅरूनसारखाच थरथरताना दिसायचा.

त्या विजयानंतर हॅरून पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. मॅक्सवेल कंपनीसाठी त्याने शर्यतीच्या गाड्या घडवल्या. १९ जानेवारी १९६८ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, तो गेला. त्याची पिवळी गाडी इंडियानापोलिसच्या संग्रहालयाने जपली आहे, आरशासकट.