सुपरमॅनचा जन्मदाता

माझ्या मामांना तरुणपणी कॉमिक्सचे वेड होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत ते मुंबईला नोकरीला होते. पगार हाती आला की फाउंटनच्या फुटपाथवर जायचे आणि जुने इंग्रजी अंक घेऊन यायचे, हा त्यांचा नेम. आजोबांना हा षोक मुळीच पसंत नव्हता. पुढे मामींनीही ते अंक रद्दीत घालण्याचा घाट अनेकदा घातला. पण मामांनी ते एका पत्र्याच्या ट्रंकेत कुलूपबंद करून ठेवले. गेल्या मे महिन्यात ती ट्रंक माझ्या ताब्यात आली, आणि परीक्षेचा शीण मी सुपरमॅनच्या संगतीत घालवला.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. त्या ढिगात एक अंक नोव्हेंबर १९६१ चा होता. मामांनी तो जुनापुराणाच घेतलेला असणार. त्यात सुपरमॅनच्या मृत्यूची एक काल्पनिक कथा होती. ती वाचून मी अक्षरशः सुन्न झालो. ल्यूथर हा सुपरमॅनचा कट्टर वैरी सुधारल्याचे सोंग करतो, त्याचा विश्वास संपादन करतो आणि मग त्याचा घात करतो. कथा कोणाची म्हणून पाने उलटली, तर लेखकाचे नाव कुठेच नाही. दुसरा अंक १९८० नंतरचा. त्याच्या मात्र पहिल्याच पानावर सुपरमॅनचे निर्माते म्हणून दोन नावे छापलेली होती : जेरी सीगल आणि जो शुस्टर. आधी नसलेली नावे मागाहून आली कोठून? या एका प्रश्नाचा पाठपुरावा करताना जेरी सीगल यांचे जे चरित्र हाती लागले, ते माझ्या सहाध्यायांना सांगावेसे वाटते.

जेरीचा जन्म १७ ऑक्टोबर १९१४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलंड या शहरी झाला. आईवडील लिथुआनियातून पोट भरण्यासाठी आलेले ज्यू. सहा भावंडांत जेरी सर्वांत धाकटा. वडिलांचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. मुलगा लाजाळू, चष्मा लावणारा आणि अभ्यासात यथातथाच. मुली त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. पण वाचनाचे व्यसन मात्र जबरदस्त. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले होते. अंकाची किंमत २५ सेंट. जेरी या मासिकाचा निस्सीम भक्त बनला. अशा मासिकांत वाचकांची पत्रे पत्त्यासकट छापून येत. त्या पत्त्यांवर पत्रे धाडून गावोगावची वेडी मुले एकमेकांचे मित्र होत. चाहत्यांचे असे एक गणगोतच तेव्हा निर्माण झाले होते.

नुसते वाचून या मुलाचे समाधान होईना. १९२९ साली त्याने टाइप करून स्वतःचे एक नियतकालिक काढले. चाहत्यांनी काढलेल्या विज्ञानकथांच्या नियतकालिकांत ते अगदी आरंभीचे मानले जाते. आपल्याकडे हस्तलिखित अंक काढणारी मुले असतात ना, तशातलाच हा प्रकार. ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये असताना त्याला जो शुस्टर भेटला. जो मूळचा कॅनडातील टोरांटोचा. तोही लाजाळू, तोही गरीब, दृष्टी अधू, पण हातात चित्रकला. कागद विकत घ्यायला पैसे नसत म्हणून तो सामान बांधायच्या कागदावर चित्रे काढी, आणि थंडीत घर तापवण्याची सोय नसली की अंगावर कपड्यांवर कपडे चढवून कामाला बसे. एकाला लिहिण्याचा ध्यास, दुसऱ्याला काढण्याचा. जोडी जमली ती आयुष्यभरासाठी.

ऑक्टोबर १९३२ मध्ये जेरीने ‘सायन्स फिक्शन’ नावाचे सायक्लोस्टाइल केलेले मासिक सुरू केले. त्याचे अवघे पाच अंक निघाले. जानेवारी १९३३ च्या तिसऱ्या अंकात त्याने टोपणनावाने एक कथा लिहिली, तिची चित्रे जोने काढली. त्या वेळी अमेरिकेत महामंदीने कहर मांडला होता. फुकटच्या पावासाठी रस्त्यावर माणसांच्या रांगा लागत. अशाच एका रांगेतून एक शास्त्रज्ञ एका भुकेल्या माणसाला उचलून आणतो आणि त्याच्यावर प्रयोग करतो. त्या माणसाला अचाट मानसिक शक्ती प्राप्त होते आणि तो दुष्ट बनतो. शेवटी शक्ती ओसरते, आणि तो पुन्हा त्याच पावाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. या कथेतील महामानवाचे नाव सुपरमॅनच होते! म्हणजे जगातला पहिला सुपरमॅन नायक नव्हता, खलनायक होता.

त्यापूर्वी काही महिने घरावर मोठा आघात झाला होता. २ जून १९३२ रोजी जेरीच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडिलांचे हृदय बंद पडले. पुढे जेरीने जो नायक निर्माण केला, त्याच्या छातीवर बंदुकीच्या गोळ्या आपटून खाली पडतात आणि तो दुबळ्यांच्या हाकेला धावून जातो. या दोन गोष्टींचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. मला तो पटतो. पण सीगल यांनी स्वतः त्याविषयी कधी जाहीर वाच्यता केली नाही, हेही सांगितले पाहिजे.

खलनायकाचा नायक झाला तो १९३३ नंतर. चित्रकथेचा पहिला खर्डा एका प्रकाशकाने नाकारला, तेव्हा जोने निराश होऊन सारी पाने नष्ट केली. वाचले ते फक्त मुखपृष्ठ. जेरीने मात्र हाय खाल्ली नाही. दूरच्या नष्ट झालेल्या ग्रहावरून आलेले मूल, अंगावर सर्कशीतल्या पहिलवानासारखा पोशाख, आणि एरवी चष्मा लावणारा बुजरा वार्ताहर क्लार्क केंट, असे सारे हळूहळू आकाराला आले. ज्या मुलाकडे वर्गातल्या मुली पाहत नव्हत्या, त्याने आपलेच दुबळे रूप क्लार्कला दिले आणि आपले स्वप्न सुपरमॅनला. आपल्यापैकी किती जण क्लार्क केंट असतील, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांनी हे बाड वर्षानुवर्षे साभार परत केले. दरम्यान १९३५ पासून दोघांना कॉमिक्समध्ये किरकोळ काम मिळू लागले. अखेर १९३८ च्या आरंभी ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या नव्या मासिकाला मजकूर हवा होता, तेव्हा नाकारलेल्या ढिगातून सुपरमॅन वर आला. दोघांनी वृत्तपत्रासाठी काढलेल्या पट्ट्या कापून चिकटवून १३ पाने तयार केली. पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. १ मार्च १९३८ च्या कागदावर दोघांनी सह्या केल्या, आणि सुपरमॅनवरचे सर्व हक्क कायमचे प्रकाशकाचे झाले. जेरीचे वय तेव्हा तेवीस.

हा सौदा त्यांनी का केला, असा प्रश्न आज आपण सहज विचारतो. परंतु तेव्हा त्या धंद्याची रीतच तशी होती आणि इतक्या वर्षांच्या नकारानंतर आपले काम छापून येणार, हाच आनंद मोठा होता. जून १९३८ ही तारीख असलेला तो अंक एप्रिलमध्येच बाजारात आला. किंमत १० सेंट. शाळकरी पोरे खाऊचे पैसे देऊन तो विकत घेऊ लागली. जानेवारी १९३९ मध्ये सुपरमॅन वृत्तपत्रांत आला, त्याच वर्षी त्याच्या नावाचे स्वतंत्र कॉमिक निघाले, १९४० मध्ये तो रेडिओवर गेला आणि १९४१ मध्ये व्यंगपटांत. दोघा मित्रांना कामाचे पैसे चांगले मिळत होते, हे खरे. पण ते पैसे मजुरीचे होते, मालकीचे नव्हते.

१९४३ साली सीगल यांना सैन्यात जावे लागले. त्यांनी पूर्वी सुपरमॅनच्या बालपणाची, म्हणजे सुपरबॉयची, कल्पना प्रकाशकापुढे ठेवली होती आणि ती नाकारली गेली होती. ते सैन्यात असताना तीच कल्पना त्यांना न विचारता छापून आली. १९४७ साली दोघांनी दावा लावला. १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली. त्यातला बराच भाग वकिलांच्या घरी गेला. हातातले काम तर गेलेच, पण कथांवरची नावेही गेली. माझ्या १९६१ च्या अंकात नाव का नव्हते, याचे उत्तर इथे सापडले.

त्याच वर्षी सीगल यांनी जोआन हिच्याशी विवाह केला. सुपरमॅनची नायिका लोइस लेन काढताना जोने १९३५ च्या सुमारास जिला समोर बसवले होते, तीच ही मुलगी. तिने पुढची सारी वर्षे नवऱ्याच्या बाजूने किल्ला लढवला. दोघा मित्रांनी काढलेले नवे पात्र चालले नाही. ओढगस्तीचे दिवस आले. १९५९ साली सीगल त्याच प्रकाशनसंस्थेत परत गेले. आपणच जन्माला घातलेल्या पात्राच्या कथा त्यांनी पानामागे ठरलेल्या दराने, नावाविना लिहिल्या. आणि आता सांगायला हरकत नाही, माझ्याजवळची सुपरमॅनच्या मृत्यूची ती कथा सीगल यांचीच होती! हे कळल्यावर मी ती पुन्हा वाचली. ज्याच्या हाताने सुपरमॅन जन्मला, त्याच्याच हाताने तो मेला, आणि दोन्ही वेळा मालक दुसराच.

पुढे हक्कांच्या मुदतीच्या मुद्द्यावर पुन्हा दावा झाला. त्यानंतर त्यांना तिथे काम मिळाले नाही. १९७४ साली वरिष्ठ न्यायालयातही निकाल विरुद्ध गेला. साठीला टेकलेले सीगल तेव्हा लॉस एंजेलिसला एका सरकारी कचेरीत वर्षाला सुमारे ७,००० डॉलरवर टंकलेखक कारकुनाचे काम करीत होते. शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. अशात १९७५ मध्ये बातमी आली, की सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असून हक्कांसाठी लाखो डॉलर मोजले गेले आहेत. सीगल यांनी आपली सारी कैफियत टाइप केली आणि वृत्तपत्रांना धाडली. पंधराव्या वर्षी टाइप करून अंक काढणाऱ्या मुलाने साठाव्या वर्षी तेच हत्यार पुन्हा उचलले.

या वेळी मात्र ते एकटे पडले नाहीत. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार पुढे आले. लहानपणी १० सेंट देऊन सुपरमॅन वाचलेली पिढी आता मोठी झाली होती, वृत्तपत्रांत आणि दूरदर्शन वाहिन्यांत बसली होती. बोभाटा झाला. कायद्याने कंपनीवर कसलेही बंधन नव्हते; पण लाजेने ते आणले. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च मंजूर झाला, आणि निर्माते म्हणून नावे परत छापण्याचे ठरले. १९७८ साली चित्रपट आला तेव्हा पडद्यावर ती नावे होती. मामांच्या दुसऱ्या अंकातली ओळ आली ती या लढ्यातून.

शुस्टर १९९२ साली वारले. सीगल २८ जानेवारी १९९६ रोजी लॉस एंजेलिस येथे निवर्तले. त्यांच्यामागे जोआन आणि मुलगी लॉरा यांनी नव्या कायद्याच्या आधारे हक्क परत मागितले. २००८ मध्ये त्यांना अंशतः यशही आले. पण २०१३ साली अपिलात, आधी झालेला समझोता बंधनकारक आहे असे ठरले. तो निकाल पाहायला जोआन हयात नव्हती. २०११ मध्येच तिने डोळे मिटले होते.

आता थोडा हिशेब. १९३८ चा तो १३० डॉलरचा मोबदला इतर कामाच्या पैशांसह ज्या धनादेशाने दिला गेला, तो धनादेशच २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. त्यावर दोघांची नावेही चुकीची लिहिलेली आहेत. १० सेंटच्या त्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. कागद महाग झाला, लिहिणारा स्वस्तच राहिला.

प्रकाशकाची बाजू मी नाकारीत नाही. छपाईचा धोका त्याने पत्करला, वितरणही त्यानेच केले आणि सही तर राजीखुशीने झाली होती. पण सही करताना त्या मुलांनी काय विकले, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याची किंमत विकणाऱ्याला ठाऊक नाही, असा व्यवहार कायद्याने पूर्ण होतो, न्यायाने नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि या अन्यायात वाचकाचाही थोडा वाटा असतो. मामांनी एवढे अंक घेतले, मी ते अधाशासारखे वाचले. लेखक कोण, हे आम्ही दोघांनी कधी पाहिले नव्हते.

उलट बाजूही आहे. क्लीव्हलंडच्या किंबर्ली अ‍ॅव्हेन्यूवरचे सीगल यांचे जुने घर मोडकळीला आले होते. २००८ साली चाहत्यांनी एक लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली आणि ते दुरुस्त करून घेतले. ते काम ना सरकारने केले, ना कंपनीने. कॉमिक्स विकत घेऊन वाचणाऱ्या साध्या माणसांनी ते केले. सीगल स्वतःही मुळात असलेच एक वेडे वाचक होते.

मामांना मी हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी ट्रंकेतून तो १९६१ चा अंक काढायला लावला, खिशातले पेन काढले आणि कथेच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, जपून, बारीक अक्षरांत जेरी सीगल यांचे नाव लिहिले. जुन्या अंकावर काही लिहिले की त्याची किंमत उतरते म्हणतात. उतरो बापडी.