चांद्याचे लोखंड आणि नागपूरचा धडा

मार्कंडा (जि. गडचिरोली) : वैनगंगेकाठच्या प्राचीन मंदिरसमूहासाठी ख्यात असलेले मार्कंडा ज्या चामोर्शी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कोनसरी येथे आता लोहप्रकल्प उभा राहिला आहे. या परिसरातील लोखंडाचे स्वप्न मात्र जुने आहे. गडचिरोली हा चांदा जिल्ह्याचा भाग असताना, १८८२ मध्ये, चांद्याच्या लोहखनिजावरील एक अहवाल जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या ध्यासाने त्यांना आयुष्यभर सोडले नाही.

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे जन्मलेल्या जमशेटजींचा कारखानदारीचा खरा अभ्यास नागपुरात झाला. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. यंत्रे आली, कापूस जवळच होता. पण मजुरांच्या हजेरीचा भरवसा नव्हता. सुमारे वीस टक्के कामगार गैरहजर राहणे नित्याचेच होते. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी कारणांचा शोध घेतला.

गिरणीतील कोरड्या, तप्त हवेत सूत तुटते आणि माणूसही थकतो. म्हणून हवेत ओलावा राखणारी व आग विझवणारी साधने बसविण्यात आली. उत्तम कामासाठी बक्षिसे सुरू झाली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, तर १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अर्थात हा निव्वळ परोपकार नव्हता. त्या काळच्या इतर गिरण्यांप्रमाणे येथेही कामाचे तास प्रदीर्घच होते. मात्र कामगाराची सुरक्षितता आणि गिरणीचा नफा परस्परांचे वैरी नाहीत, हे नागपूरने दाखवून दिले.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. योग्य कोळशाअभावी चांद्याचा बेत फळास आला नाही. पोलाद तयार झाले ते १९१२ मध्ये, दूर साकचीला. एम्प्रेस मिलही २००२ मध्ये बंद पडली.

कोनसरीच्या फाटकातून आज येथील तरुण कामावर जात आहेत. त्यांच्याकडून किती काम होते, याचा हिशेब होईलच. त्यांना श्वास घेण्यास कशी हवा मिळते, इजा झाल्यास घर कोण सांभाळते आणि म्हातारपणी हाती काय उरते, हा हिशेब जमशेटजींनी आधी मांडला होता.