विरळ हवेतील वैमानिक

समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवरील यवतमाळमध्ये श्वासाचे मोल सहसा जाणवत नाही. अमेरिकी वैमानिक वायली पोस्ट (१८९८-१९३५) यांना ते १२ हजार मीटरवर उमगले. १९२६ मध्ये तेलविहिरीवरील अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. भरपाईच्या रकमेतून त्यांनी विमान घेतले! १९३३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वेगासाठी अधिक उंची हवी होती. पण ‘विनी मे’ या विमानाची लाकडी काया आतील हवेचा दाब पेलणारी नव्हती. तेव्हा प्राणवायूची नळी जोडलेला रबरी दाबपोशाखच त्यांनी करवून घेतला. पहिला फाटला, दुसरा अंगात अडकल्याने कापावा लागला. १९३४ मध्ये तिसरा टिकला. १५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कात, उड्डाण करताच इंजिन बंद पडून विमान कोसळले आणि पोस्ट मरण पावले.