धन्यवादित कार्लो न्योक्की : रणभूमीवरील धर्मगुरू

घरात एखादे मूल जन्मभराचे दुखणे घेऊन आले, की या निष्पाप जिवाच्या वाट्याला हे का, हा प्रश्न आपल्या मनाला छळतो. याच प्रश्नाला जीवन वाहिलेल्या इटालियन धर्मगुरूंचा परिचय आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

कार्लो न्योक्की यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९०२ रोजी मिलानजवळील सान कोलोम्बानो येथे झाला. पाचव्या वर्षी पित्याचे छत्र हरपले. पुढे दोन्ही भाऊ क्षयाने दगावले. शिवणकाम करणाऱ्या आईने त्यांना वाढवले. १९२५ साली गुरुदीक्षा झाल्यावर त्यांनी तरुणांमध्ये कार्य केले. दुसऱ्या महायुद्धात तरुण रणांगणावर जाऊ लागले, तेव्हा त्यांना एकटे सोडणे फादरांना रुचेना. ते स्वेच्छेने ‘आल्पिनी’ या पहाडी सैन्याचे धर्मगुरू झाले. आधी ग्रीस-अल्बानियाच्या आघाडीवर व १९४२ पासून रशियात.

जानेवारी १९४३ मधील माघारीत हजारो सैनिक बर्फात गतप्राण झाले. फादरही रस्त्याकडेला कोसळले होते. एका घसरगाडीने त्यांना उचलले म्हणून ते वाचले. मरणासन्न सैनिकांचे पापनिवेदन ऐकताना त्यांचे अखेरचे निरोप त्यांनी जपून ठेवले. मायदेशी परतल्यावर आल्प्सच्या खोऱ्यांत हिंडून ते निरोप त्यांनी घरोघरी पोहोचवले. या अनुभवांतून ‘ख्रिस्त आल्पिनींसमवेत’ हे त्यांचे पुस्तक १९४३ साली साकारले. ज्यूंना स्वित्झर्लंडला पोहोचविण्यास साहाय्य केल्याबद्दल त्यांना कारावासही घडला.

युद्ध संपले; पण हातपाय गमावलेली बालके मागे राहिली. त्यांच्यासाठी, आणि पुढे पोलिओग्रस्त मुलांसाठी, फादरांनी उपचार व शिक्षणाची केंद्रे उभारली. निष्पाप वेदनेवरील अखेरच्या पुस्तकात त्यांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या: मुलाचे दुःख हलके करण्यासाठी आपण सर्व प्रयत्न करावेत, आणि उरलेले दुःख ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडण्यास त्याला प्रेमाने शिकवावे.

२८ फेब्रुवारी १९५६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या डोळ्यांचे पटल दोन अंध मुलांना देण्यात आले. इटलीत तेव्हा अशा दानाचा कायदा नव्हता. तो १९५७ साली झाला. २५ ऑक्टोबर २००९ रोजी मिलान येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

न्योक्की यांनी त्या प्रश्नावर पुस्तक लिहिले आणि मरतेसमयी आपले डोळेही दिले. नेत्रदानाचा अर्ज भरताना आपला हात अडखळला, तर त्यांचे स्मरण करू या.