पापळचे पंजाबराव

वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर ऑक्सफर्डमध्ये प्रबंध लिहून, शिवाय बॅरिस्टर होऊन परतलेला तरुण पुन्हा वऱ्हाडच्या कापूसपिकव्या शेतकऱ्यात जाऊन बसेल, असे १९२६ साली फारसे कोणास वाटले नसेल. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख मात्र तेथेच जाऊन बसले. लगेच १९२७ मध्ये अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे या चळवळीत ते उतरले. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असता कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी १९३३ चा कर्जलवादाचा कायदा व्हावा म्हणून ते झटले. सावकारांचा रोष ओढवून घेणे त्या काळी सोपे नव्हते.

तथापि त्यांचे खरे कर्तृत्व आम्हांस दिसते ते १९३२ साली अमरावतीस स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेत. खेड्यातला हुशार मुलगा शाळा सोडतो तो बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, शहरात राहावे कोठे आणि जेवावे काय म्हणून, हे शिक्षकी पेशात काही वर्षे घालविलेल्या आम्हांस ठाऊक आहे. पंजाबरावांनी ते ओळखले व शाळेइतकेच महत्त्व वसतिगृहाला दिले. श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत.

१९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यावर नेहरूंच्या सरकारात शेतीचे खाते त्यांच्याकडे आले आणि १९६२ पर्यंत त्या कामाशी त्यांचा संबंध राहिला. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला. १९५५ मध्ये भारत कृषक समाज उभारला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरविले, त्यास आयसेनहॉवरही आले. सोहळा देखणा झाला, यात शंका नाही. पण त्याच सरकारने १९५६ मध्ये अमेरिकेशी धान्याचा करार केला होता, आणि परदेशी गव्हावाचून शहरांचे भागत नव्हते, हेही नमूद केलेच पाहिजे. हा दोष एकट्या पंजाबरावांच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. अन्न व शेतीची अंतिम सूत्रे किडवाई, जैन, स. का. पाटील यांच्या हाती होती, आणि दुसऱ्या योजनेचा ओढा पोलादाकडे होता. मात्र शेतकऱ्याच्या कैवाऱ्याने दिल्लीत याहून कडाडून भांडावयास हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. मेक्सिकन गव्हाचे बियाणे मोठ्या प्रमाणावर देशात आले ते त्यानंतर, १९६६ साली. अकोल्याचे कृषि विद्यापीठ १९६९ मध्ये त्यांच्याच नावाने सुरू झाले.