बोदोंच्या पाच कळा

मी ज्या राऊटरांवर काम करतो, त्यांना बोलते करायला माऊस लागत नाही. कन्सोलची केबल जोडायची, वेग ९६०० बॉड ठरवायचा आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायच्या. 'एनेबल' म्हटले की मधल्या चौकात, 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटले की माजघरात. 'एक्झिट' म्हटले की एक उंबरठा मागे. वेग चुकला, तर पडद्यावर नुसती गिचमीड! बॉड म्हणजे तारेवरची खूण सेकंदाला किती वेळा बदलू शकते त्याचे माप. हे नाव आले एमिल बोदो या फ्रेंच तारबाबूवरून.

बोदो १८४५ साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. शिक्षण गावातल्या प्राथमिक शाळेपुरते. १८६९ मध्ये ते तारखात्यात लागले. एकाच तारेवरून अनेकांचे संदेश पाठवण्याची युक्ती शोधायला खात्याने उत्तेजन दिले; मात्र शोधायची ती स्वतःच्या वेळात! प्रकृतीने तर नोकरीच्या सुरुवातीपासूनच साथ सोडली होती.

मोर्सच्या लिपीत कुठले अक्षर आखूड, कुठले लांब. बोदोंनी प्रत्येक अक्षराला सारख्याच पाच खुणा दिल्या. त्यातून बत्तीस जुळण्या होतात. अक्षरे आणि आकडे त्याच जुळण्या आलटून पालटून वापरतात. सगळी अक्षरे एका मापाची झाल्यावर फिरत्या चकतीने तारेचा वेळ वाटून देणे सोपे झाले. १८७४ साली पेटंट मिळाले, १८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर यंत्र सुरू झाले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक आले.

तारबाबूंचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. पाचच कळा, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. यंत्राचा टिकटिक ठोका पडला की नेमक्या त्याच क्षणी बोटे पडली पाहिजेत. तबलजीने सम गाठावी तशी. माणसाने यंत्राच्या लयीत चालायचे होते.

खात्यातल्याच मिमो नावाच्या माणसाने ही लिपी आपली असल्याचा दावा लावला. न्यायालयाने आधी त्याच्या बाजूने कौल दिला, पुढे तो फिरवला. पाच खुणांची कल्पना बोदोंच्याही आधी काहींना सुचली होती. पण तिच्यावर चालणारे तारेचे जाळे उभे केले ते बोदोंनी, असे मला वाटते.

१८९० च्या जानेवारीत त्यांचे लग्न झाले. तीनच महिन्यांत पत्नी गेली.

१९०१ च्या सुमारास डोनाल्ड मरे यांनी टाईपरायटरसारख्या कळा आणून लिपीची मांडणी बदलली आणि बोटे त्या ठोक्यातून सुटली. बोदो १९०३ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी वारले.